तेल्हाऱ्याचा कापूस उचलला जात नाही

शेवटी अकोला स्टेशनच्या फलाटावर मी अनुपचा हात धरला, आणि त्याची गाडी सुटली.

असं काही झालेलं नाही. त्या रविवारी मी पिंकीबरोबर, म्हणजे मैत्रिणीबरोबर, मोझरीला गेले होते. आईला विचारा. पिंकीला मात्र विचारू नका. आपण कापसापासून सुरुवात करू.

मी अमरावतीची दीक्षा. दिवसा एका शाळेच्या ऑफिसात दाखले आणि अर्ज टाइप करते, संध्याकाळी कॉम्प्युटरवर आगगाड्या चालवते. गेम साधा आहे. रूळ टाका, स्टेशन बांधा, इथला माल तिथे न्या. बाकीचे खेळाडू बर्फाचे डोंगर बांधतात. मी वऱ्हाड बांधलं. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, सगळं जागच्या जागी. खिडकीबाहेर दिवस मावळला की पडद्यावरही मावळायचा. काळ्या शेतांमधून इंजिनाचा दिवा हळूहळू सरकायचा, आणि मला वाटायचं, त्या गाडीत बसून कुणीतरी माझ्याकडेच येतंय... कुणी नसायचं. मालगाडी होती.

तीही रिकामी. तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, चारशे गाठी कापूस पडून, गाडी स्टेशनात तोंड वासून उभी, आणि एक गाठ हलेना. अकरा दिवस असे गेल्यावर मी त्या गेमच्या मराठी मदत गटात लिहिलं. गटात नऊ सदस्य होते. त्यांतले दोन मीच.

"तेल्हाऱ्याचा कापूस उचलला जात नाही. योग्य मार्गदर्शन व्हावे."

पाच मिनिटांत उत्तर आलं. नाव अनुप, फोटोत माणसाच्या जागी डिझेल इंजिन.

"स्टेशन जिनिंगपासून किती दूर आहे?"

"अकरा चौकोन."

"स्टेशनचा हात चार चौकोनापर्यंतच पुरते. कापूस काय पायी येईन?"

"जवळ बांधू शकत नाही. खऱ्या तेल्हाऱ्याला रेल्वे नाही. माझा नकाशा प्रामाणिक आहे."

बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले... थांबले... पुन्हा हलले.

"मी तेल्हाऱ्याचा आहो," त्यानं लिहिलं. "जन्मभर एसटीनं आलो-गेलो. आता गेममधीबी एसटीच का, ताई?"

मला वाईट वाटलं. 'ताई'चं जास्त.

त्याच संध्याकाळी मी तेल्हाऱ्यात स्टेशन बांधलं आणि नकाशाचा पासवर्ड त्यालाही दिला, पाहून जा म्हणून. तो आला, पाच मिनिटं गुपचूप फिरला आणि फलाटाजवळ एक कडुनिंब लावून गेला. गेममध्ये झाडाचा काही उपयोग नसतो. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "कोणी वाट पाह्यत बसलं तं सावली नको?"

कापूस तरीही हलला नाही.

"हे डबे कायचे लावले?" दुसऱ्या दिवशी त्यानं फोनच केला.

"गुरांचे. रंग छान होता."

"कापूस हंबरते का?"

मी डबे बदलले. रंग बरा नव्हता, पण आवाज चांगला होता. म्हणजे त्याचा. अनुप अकोल्यात एका दालमिलमध्ये माल रवाना करायचं काम बघायचा. दिवसभर ट्रक भरायचा, सुट्टी झाली की माझी गाडी. कधी मिलमधूनच बोलायचा, तेव्हा मागे कुठेतरी तुरीची डाळ घसरत असायची, सर... सर... सर. भर डिसेंबरात माझ्या कानात पाऊस पडायचा. मी मुद्दाम नव्या अडचणी शोधायला लागले. एकदा तर चालू सिग्नल बंद करून ठेवला आणि सांगितलं, बिघडला. त्यानं तो चालू केला. दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, "आज कोणता बिघडला?"

पण कापसाचं खरंच अडलं होतं.

"स्टेशन झालं, डबे झाले, फलाटावर गाठ काही येत नाही," मी म्हणाले.

"गाडी कुठं आहे?"

"शेडमध्ये. माल जमला की पाठवीन."

"काहून?"

"आमच्या घरी बोलावल्याशिवाय कोणाकडे जात नाहीत."

तो हसला. पहिल्यांदा. डाळीपेक्षा चांगला आवाज होता.

"तसं नाई होत ना पण. गाडी एकडाव स्टेशनात येऊन उभी राह्यल्याबिगर जिनिंगले कळतच नाई का आपल्याले न्यायले कोणी येते. माल तिकडंच पडून राह्यते. पह्यली खेप रिकामीच करा लागते."

"रिकामी गेली, अन् माल आलाच नाही तं?"

"तं रिकामी वापस." मग आवाज उतरवून म्हणाला, "लाज वाटते थोडीशी. गाडीले."

मी गाडी सोडली. ती तेल्हाऱ्याच्या कडुनिंबाजवळ जाऊन उभी राहिली, रिकामी, जराशी ओशाळलेली. आम्ही दोघं फोन कानाला लावून बघत राहिलो. मग फलाटावर एक पांढरा ठिपका उगवला.

"आली," मी म्हणाले.

"हं."

"एकच आहे."

"आधी एकच येते."

दुसरी गाठ आली. मग तो म्हणाला, "मी रविवारी जाऊन राहिलो. जळगावले. मालकाची नवी मिल आहे... कायमचंच."

जळगाव म्हणजे भुसावळच्याही पुढे. त्यानंतर जग असतं असं ऐकलं आहे.

"फोन तर लागतो ना तिथे?"

"पाळी संध्याकाळची आहे. दुपारी दोन ते रात्री दहा. गाड्या बंद."

म्हणजे संध्याकाळच बंद. मी कडुनिंबाकडे बघत बसले.

"सकाळी साडेदहाची गाडी आहे," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. शनिवारपर्यंत त्यानं ते आणखी तीनदा सांगितलं. 'ये' म्हणाला नाही. मीही 'येऊ का' विचारलं नाही. दोन गाड्या, दोन शेड, आणि दोघांच्याही घरी एकच पद्धत.

रविवारी सकाळी मी मोझरीला जायला निघाले आणि चुकून अकोल्याच्या गाडीत बसले. हात हलवत. डबासुद्धा घेतला नाही. बडनेऱ्यानंतर धुकं विरलं. शेताशेतांत कापूस फुटला होता, वेचायचा राहिलेला, उन्हात नुसता उजळून बसलेला... मूर्तिजापूरला वाटलं, उतरावं. माल आलाच नाही तर? गाडीनं माझं मत विचारलं नाही.

अकोल्याच्या फलाटावर गर्दी होती. मधल्या रुळावरून एक मालगाडी चालली होती आणि सगळे तिच्या जाण्याची वाट बघत होते. एकच माणूस ओठ हलवत डबे मोजत होता.

"किती झाले?" मी मागून विचारलं.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला. मग आवाज ओळखून हळूच वळला. डिझेल इंजिनापेक्षा बराच बारीक होता. कान लाल झालेले.

"तुमी... कायले आल्या?"

"काही नाही." मी दोन्ही हात उघडून दाखवले. "रिकामीच आले."

त्यानं माझे तळवे पाहिले. मग खांद्यावरच्या बॅगेत हात घालून त्यानं काहीतरी काढलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. कापसाचं बोंड, पूर्ण फुटलेलं, सरकीसकट. कडेनं जरा चेपलेलं.

"मागच्या रविवारी गावाले गेल्तो. आमच्याच वावरातलं आहे. आठ दिवसांपासून बॅगीतच पडून आहे."

"मग सांगितलं काहून नाही?"

"गाडी कुठं आल्ती?"

मला हसू आलं, आणि डोळ्यांत कचरा गेला. कापसाचा असावा.

तेवढ्यात त्याची गाडी आली. वेळेवर.

"आता?" मी विचारलं.

"आता माल जमते थोडा थोडा. पण खेप चालू ठेवा लागते. एकडाव येऊन गाडी मंग आलीच नाई, तं स्टेशन रुसते."

"दर रविवारी?"

"रविवारी मले सुट्टी आहे. मी जळगावहून येतो. अकोल्यालेच... या खांबापाशी." तो पायरीवर चढला आणि खाली बघत म्हणाला, "तू येशीन, दीक्षा?"

सव्वा महिन्यात पहिल्यांदा 'तू'. ताईपासून इथवर मालगाडीच्याच वेगानं आला होता, पण आला होता.

"येईन. कधीकधी रिकामी."

"चालते."

त्यानंतर जे झालं ते पहिल्या वाक्यात नमूद आहे, आणि ते झालेलं नाही.

सोमवारी ऑफिसात मला एक दाखला टाइप करायचा होता. त्याऐवजी हे टाइप झालं.

प्रति,
मा. स्थानक अधीक्षक, अकोला.

विषय : फलाटावर माल शिल्लक असताना गाडी सुटल्याबाबत.

महोदय, काल सकाळची साडेदहाची गाडी अगदी वेळेवर सुटली, याबद्दल अर्जदारास तीव्र खेद आहे. तरी यापुढे दर रविवारी जळगावकडे जाणाऱ्या गाडीस 'पूर्ण भरल्याशिवाय सुटू नये' असा कायमस्वरूपी आदेश देण्यात यावा. गाडी भरली किंवा कसे, हे ठरवण्याचे अधिकार अर्जदारास असावेत. आणि मौजे तेल्हारा येथे, कडुनिंबास धक्का न लावता, स्टेशन मंजूर व्हावे, ही नम्र विनंती.

सोबत : कापसाचे बोंड, एक नग. (पाहून परत करावे.)