विक्रेत्याशी नाते

प्रेमाला कुणाची परवानगी लागत नाही. हे सत्य त्रिकालाबाधित आहे. फक्त चष्म्याच्या दुकानाला ते लागू नाही. तिथे करारातल्या चौदाव्या कलमाप्रमाणे परवानगी लागते, आणि तीही लेखी.

औरादच्या बसस्टँडसमोर अंबिकाचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान तिचं, पाटी मात्र ‘निर्मलदृष्टी’ कंपनीची. पाटीचा निळा रंग, काउंटरची उंची आणि गिऱ्हाइकाकडे बघून किती हसायचं, हे सगळं पुण्यातून ठरायचं. आता अंबिकाला कलबुर्गीच्या सरकारी दवाखान्यात नेत्र सहायकाची नोकरी लागली होती. तीस तारखेच्या आत रुजू व्हायचं, नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार. सरकारी नोकराच्या नावावर दुकान चालत नाही, म्हणून ते विकायचं. आणि विकायचं तर कंपनीला पसंत पडेल त्यालाच. तिच्यासाठी स्थळं बघताना तिच्या वडिलांनीही इतक्या चौकशा केल्या नव्हत्या.

बाजाराच्या दिवशी दुपारी एक उंच माणूस आत आला. बाहेर आभाळ भरून आलं होतं. पडत मात्र नव्हतं. अंबिकाने त्याला खुर्चीवर बसवलं आणि चाचणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवली.

“तक्ता कुठला लावू? मराठी, कन्नड, उर्दू?”

“कुठलाबी लावा. डोळे तेच हायत.”

तिने कन्नड लावला. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला. तिने वाकून भिंग बदललं.

“मगाशी बरं दिसत होतं का आता?”

“मगाशीबी बरंच होतं... आता जवळून दिसायलंय.”

“मी तक्त्याचं विचारायलेय.”

“व्हय... तक्ताबी बरा हाय.”

तिने फ्रेम उतरवली. “तुमच्या डोळ्यांना काही झालेलं न्हाई. मग आलात कामून?”

“दुकान घ्यायला. मी भीमराज, हुलसूरचा.”

“हे आधी सांगायचं न्हाई का?”

“तुम्ही डोळ्यात बघायला लागलात. मधीच कसं बोलावं—”

खरेदीदाराने पंधरा दिवस विक्रेत्याच्या हाताखाली काम शिकायचं, असा कंपनीचा नियम. भीमराज रोज मोटारसायकलवर यायचा. काचा पुसायला तो तासाभरात शिकला. मग डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजायला शिकला. त्यासाठी समोरच्या डोळ्यांत सरळ बघावं लागतं, आणि समोर बहुतेक वेळा अंबिकाच असायची. पहिल्या दिवशी एकसष्ट मिलिमीटर भरलं. दुसऱ्या दिवशी एकसष्ट. तिसऱ्या दिवशी त्याने पट्टी परत उचलली.

“हे अंतर रोज बदलत नसतं,” ती न हलता म्हणाली.

“कमी होतंय का बघायलोय.”

“पट्टी उलटी धरलीय तुम्ही.”

चौथ्या दिवशी तिचे वडील उद्धवराव, म्हणजे तिचे अप्पा, डबा घेऊन आले. या भागात परक्या माणसाला पाणी द्यायच्या आधी त्याचं नातं लावतात, आणि त्या कामात उद्धवरावांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

“कुणाचा रे तू?”

“हुलसूरच्या अंकुशरावांचा.”

“आजोळ?”

“मादन हिप्परगा. मल्लव्वा आजीचं घर.”

“मल्लव्वा! अरं, ती तर आमच्या सासूची चुलतबहीण. म्हंजे तुझी आई अन् अंबिकाची आई बहिणी-बहिणी. तू अंबिकाचा मावसभाऊ झालास की.”

उद्धवराव खुशीत भाकरी मोडायला लागले. बाकी दोघं डब्याकडे बघत राहिले. त्या दिवशी अंतर मोजलं गेलं नाही. संध्याकाळी निघताना भीमराजने ‘अंबिकाताई’ म्हणायचा एक प्रामाणिक प्रयत्न केला, तो ‘अंबिका...’ इथेच थांबला.

एवढ्यावर भागलं असतं. पण कंपनीच्या अर्जात ‘विक्रेत्याशी नाते’ असा एक रकाना होता. नातं दिसलं की काम लवकर होतं, या आयुष्यभराच्या अनुभवावर उद्धवरावांनी त्यात स्वतःच्या हाताने ‘मावसभाऊ’ लिहून टाकलं.

आठवड्याने कंपनीतून फोन आला. नातेवाइकाला विक्री चालत नाही. लोक नावं बदलून दुकान घरातच ठेवतात. आता दोघांनी शपथपत्र द्यावं: एक, आमच्यात रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नाही, दोन, पुढली दोन वर्षं आम्ही ते होऊ देणार नाही.

तहसील कचेरीसमोर नोटरी महादेवी मॅडमचं टेबल होतं. तिघं तिथे गेले. मॅडमनी उद्धवरावांना विचारलं, “मल्लव्वा अन् तुमच्या सासूबाई बहिणी, कशावरून?”

“एका लग्नात शेजारी बसल्या होत्या.”

“एवढंच?”

“दोघी लई वेळ बोलत होत्या.”

भीमराजने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. पहिला मुद्दा दोन मिनिटांत संपला. उद्धवराव थोडे हिरमुसले आणि चहा सांगायला गेले.

दुसऱ्या मुद्द्यावर भीमराजचा पेन थांबला.

“करा की सही,” अंबिका म्हणाली.

“खालचं वाचलं का तुम्ही?”

“वाचलं.”

“ते माझ्याच्यानं लिवणं होत न्हाई. खोटं होईल.”

महादेवी मॅडम शिक्का पुसायला लागल्या. तो आधीच स्वच्छ होता.

“सही न्हाई केली तर दुकान माझ्या नावावर राहतंय,” अंबिका हळू म्हणाली. “अन् नोकरी जातीय. चार वर्षं परीक्षा दिल्यात मी... अप्पांनी सुद्धा आशा सोडली होती.”

“म्हायती हाय. म्हणून तर पेन खाली ठेवला न्हाई.”

तिने कागद आपल्याकडे ओढला आणि दुसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं. “दोन वर्षं लिहिलंय,” ती म्हणाली. “जन्मभर न्हाई लिहिलं.”

“तुम्ही थांबाल?”

“मी कलबुर्गीत असेन. तिथून हुलसूर काय लंकेत न्हाई.”

भीमराजने सही केली. मग तिने केली. दोन वर्षं लग्न करणार नाही असं लिहून देताना दोघांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मॅडमनी एवढ्या वर्षांच्या नोटरीत पाहिला नव्हता. उद्धवराव चहा घेऊन आले तेव्हा पोरीचे कान लाल का, हे त्यांनी विचारलं. “ऊन हाय,” असं दोघांनी एकदमच सांगितलं.

पंचवीस तारखेला कंपनीची मेल आली. अर्ज मंजूर झाला होता. मात्र करारात एकोणिसावंही कलम होतं, ते कुणी वाचलं नव्हतं: मंजूर खरेदीदाराच्या जागी कंपनी स्वतः उभी राहून दुकान घेऊ शकते. कंपनी उभी राहिली. भीमराजला मिळाला अभिनंदनाचा एक छापील कागद आणि पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र.

अंबिका अठ्ठावीस तारखेला रुजू झाली. भीमराजला विक्रीच झाली नाही म्हणून शपथही कुणाला लागू नाही, असं महादेवी मॅडमनी फोनवर सांगितलं. भीमराज त्याच आठवड्यात वडिलांना घेऊन औरादला मागणी घालायला आला. उद्धवरावांनी त्या दिवशी कुणाचं आजोळ विचारलं नाही. लग्न मार्गशीर्षात झालं.

दुकान कंपनीने चार महिने चालवलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.