लोखंडाला पाय

पोरगी तीच पालवी, वजनं उचलायचा बार तोच, त्याला लावलेल्या लोखंडी थाळ्याही त्याच. गेल्या आठवड्यात तिनं तो जमिनीवरून अंगणातली काठी उचलावी तसा उचलला होता. मग सोमवारी तोच बार उचलताना तिची कंबर कशी काय धरली?

वारणाकाठच्या त्या तालमीत हे कोडं कुणालाच सुटलं नव्हतं. तालीम जुनी, पण छपरावर सूर्यपट्ट्या (उन्हापासून वीज करणारे तक्ते) बसल्या होत्या आणि आखाड्याच्या कडेला सावळ्या नावाचा यंत्रमानव उभा असायचा. वस्ताद कुस्तीतले, म्हणून बारची उचल बघायचं काम त्यांनी सावळ्याच्या कॅमेऱ्यांवर सोपवलेलं. आणि शलाका? वय तेरा, पण मुलींमध्ये सगळ्यांत जुनी, त्यामुळे रुबाब वस्तादांच्याही वरचा. वस्तादांची पाठ वळली की नव्या मुलींना शिकवायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

आज वस्ताद संघ घेऊन वजन उचलण्याच्या जिल्हा स्पर्धेला गेले होते. शलाकाचा वजनगट उद्याचा. पालवीचा आजचा होता, पण ती घरी कमरेला शेक देत पडली होती. सकाळीच तिचा निरोप आला, "माझ्या कमरेतच दम नाही गं. मी तालीम सोडतेय."

तो ऐकताच शलाकानं तालीम गाठली. ती तडक सावळ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पोरगी तीच, वजन तेवढंच. मग असं का झालं रे?"

सावळ्या गप्प.

"बोल की."

"सोमवारी तू मला गप्प बसायला सांगितलं होतंस," सावळ्या म्हणाला. "आता बोलू?"

शलाका ते साफ विसरली होती. तिनं मान हलवली.

"आधी ती बादली उचल. छातीशी धर."

आखाड्याच्या मातीवर शिंपडायला भरून ठेवलेली बादली शलाकानं कवटाळली. त्यात काही विशेष नव्हतं.

"आता हात लांब करून धर."

थोड्याच वेळात तिचे खांदे थरथरायला लागले आणि पाणी पायांवर सांडलं.

"पाणी वाढलं का?" सावळ्यानं विचारलं.

"वाढतंय कुठलं? उलट सांडलं."

"मग जड का झाली?"

"लांब गेली म्हणून," शलाका म्हणाली, आणि आपल्याच उत्तराशी थबकली.

"बरोबर. बादलीचं वजन तेवढंच राहिलं, पण खांद्यापासूनचं अंतर वाढलं. वजन आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे बल-आघूर्ण (एखादी वस्तू टेकूभोवती फिरवणारा जोर). अंतर दुप्पट झालं की हा जोरही दुप्पट. म्हणून तर बायका कळशी कमरेला टेकवून नेतात. आता डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार हातात धरून सरळ उभं राहणं) बघ. तिथं टेकू असतो कंबर. बार पुढे ओढतो आणि पाठीचे स्नायू मागून आवरून धरतात. पण ते मणक्यांपासून जेमतेम दोन-तीन बोटांवर असतात. इतक्या जवळून आवरायचं म्हणजे बारच्या वजनाच्या कितीतरी पट ताकद लागते. त्यामुळे बार थोडा जरी पुढे सरकला, तरी पाठीवरचा भार खूप वाढतो."

मग त्यानं भिंतीवर उजेडानं बारच्या वाटेच्या दोन रेघा उमटवल्या. गेल्या आठवड्याची रेघ पालवीच्या नडगीला घासत सरळ वर गेली होती. सोमवारची वीतभर पुढून निघाली होती.

शलाकाला सोमवार लख्ख आठवला. बार पालवीच्या नडगीला लागलेला पाहून ती सगळ्यांसमोर ओरडली होती, "खंडेनवमीला ज्याची पूजा करतो, त्याला पाय लावतीस?" बिचारीनं कानाला हात लावले होते आणि ती वीतभर मागे सरकून उभी राहिली होती. सावळ्या म्हणाला होता, "बार लांब गेलाय." त्यावर शलाकाचं उत्तर होतं, "यंत्राला काय कळतंय त्यातलं? गप्प बस." ती स्वतःही सुरुवातीपासून बार तसाच लांबून उचलत आली होती. तिचीही कंबर अधूनमधून कुरकुरायची, पण ते कबूल करणं तिच्या रुबाबात बसत नव्हतं.

"म्हणजे माझ्यामुळं," ती खाल मानेनं म्हणाली.

"माझ्यामुळंही," सावळ्या म्हणाला. "गप्प बस म्हटलं की बसायचं, असा माझा नियम होता. कुणाच्या अंगाला इजा होणार असेल तिथं तो चुकीचा होता. मी तो वस्तादांकडून बदलून घेतलाय. पण सोमवारनंतर."

शलाका पालवीच्या घरी गेली आणि खाटेशेजारी बसून तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

पालवीनं शेकायची पिशवी बाजूला सारली. "म्हणजे मी आधी बरोबर उचलत होते?"

"व्हय."

"आणि तू सगळ्यांसमोर बोललीस मला."

"चूक माझी होती हे सगळ्यांसमोरच सांगणार आहे."

"सांग. स्पर्धा काय परत यायची नाही."

"नाही यायची," शलाका म्हणाली. डॉक्टर म्हणाले होते, नुसता स्नायू ताणलाय, बरा होईल. पण आजचा दिवस काही डॉक्टरांच्या हातात नव्हता.

पालवीनंच पुढे विचारलं, "मग बेंच प्रेसचं (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) काय? तिथं कोपरं पार खांद्याच्या रेषेत पसरा, हेपण तूच शिकवलंयस. मग खांद्यावर किती जोर येत असेल?"

सवयीनं शलाका काहीतरी ठोकून देणार होती, पण तिनं स्वतःला आवरलं. "मला माहीत नाही. तुला काय वाटतं?"

पालवीनं पडल्या पडल्या एक कोपर अंगाजवळ आणलं, पुन्हा पसरलं, पुन्हा थोडं जवळ आणलं. "थोडं आतच बरं असणार. उठता आलं की सावळ्याला विचारू."

"म्हणजे तालीम सोडत नाहीस?"

"बघू," पालवी म्हणाली. पण कोपर तिनं आतच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेत शलाकाची पाळी आली. तिनं बारला लावलेला हात कपाळाला नेला, मनातल्या मनात लोखंडाची माफी मागितली आणि नडगी लोखंडाला टेकेपर्यंत पाय पुढे सरकवले. पाठ ताठ ठेवून तिनं जमीन पायांनी खाली रेटली. बार नडगीला घासत सरळ वर आला.

तो हलका लागला. इतका हलका, की टाळ्या वाजत असताना पालवी आठवून शलाकाला रडू आलं.