चोवीस काळे ठोकळे

सकाळी चौकीदार नत्थूचा फोन आला. दिघोरीच्या तलावाकाठच्या यंत्रातले चोवीसही ठोकळे गायब होते. पोलीस जमादार गोमाजी मोटारसायकलवर निघाले.

यंत्र म्हणजे पंखे लावलेली पत्र्याची पेटी. धानाच्या तुसाचा कोळसा करून बनवलेले काळे ठोकळे हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात, असं मालक भैय्याजी वर्षभर सांगत होता. आतापर्यंत त्यानं हार-तुरेच जास्त धरले होते. आज नागपूरहून तपासणीसाठी पाहुणे यायचे होते.

भैय्याजी गाडीला टेकून किल्ली फिरवत होता. डिक्कीखाली नत्थूच्या कोंबड्या काहीतरी टिपत होत्या.

"यानंच चुलीत जाळले," तो म्हणाला. "अडाणी लोक. लवकर न्या याला. मला पाहुण्यांना आणायला कारध्याच्या पुलापर्यंत जायचंय."

नत्थू मान खाली घालून उभा होता. तो आत गेला तर घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

गोमाजींनी काठावरच्या त्याच्या झोपडीत जाऊन चुलीतली राख बोटांत चोळली. पिठासारखी मऊ.

"काय जाळता चुलीत?"

"गोवऱ्या, जमादार," नत्थूची बायको उषाबाई म्हणाली. "इतके बी वाईट दिवस नाही आले, का मालकाचे ठोकळे जाळावं."

गोमाजी गाडीपाशी आले. "डिक्की उघडा."

"कशाला?"

"ते कोंबड्याईले विचारा."

पोत्यांखाली चोवीसही ठोकळे होते. गोमाजींनी एक गुडघ्यावर फोडला. वरून काळा रंग, आत पिवळं कच्चं तूस.

"तुसाची राख खरखरीत रायते, भैय्याजी. राखेत बी तुसाचा आकार दिसते. धानाच्या मुलखात गाडी फिरवता, अन् एवढं ठाऊक नाही? नत्थूच्या चुलीत ते राख नाही. म्हणजे ठोकळे जळले नाही. अन् कोळसा कोंबडी खात नाही. सांडलं ते कच्चं तूस, तांदळाच्या कण्यांसकट. तुमी कोळशाची भट्टी पेटवलीच नाही. रंग फासला. आज पाहुणे ठोकळे फोडून पाहणार होते, म्हणून पहाटे तुमीच काढले अन् नाव याचं लावलं. कारध्याच्या पुलावरून नदीत टाकाले निघाले, तेवढ्यात यानं मले फोन केला."

भैय्याजीचा आवाज एकदम मऊ झाला. "नत्थूभाऊ, तू तरी सांग ना यांना."

वर्षभरात पहिल्यांदाच तो भाऊ म्हणाला होता. नत्थूनं तलावाकडे तोंड फिरवलं.

उषाबाईनं फुटक्या ठोकळ्याचा सांडलेला चुरा सुपात भरला आणि कोंबड्यांपुढे टाकला.

"खा माय," ती म्हणाली. "एवढ्याच कामाचं यंत्र होतं."