विचार करते

जपानमधल्या एका गावच्या किल्ल्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर त्या शनिवारी अकरा माणसं होती, अकरा पारदर्शक पिशव्या होत्या आणि प्रत्येक पिशवीत ज्याचे त्याचे, दाराशी काढून सोबत घेतलेले बूट. फक्त कानाएच्या हातात भलतेच होते.

"अहो, माझे बूट कुठे पळवताय?"

तिनं पिशवी वर धरून बुटाच्या तळावरचा आकडा वाचला. "सत्तावीस सेंटीमीटर. तुमचेच असणार. माझे साडेतेवीस."

"तोंडपाठ?"

"प्रयोगशाळेत काम करते. आकडे विसरत नाही."

"मग हेही लक्षात ठेवा — तोमोहिसा, वय एकोणतीस, अविवाहित." त्यानं कठड्यावरून खाली नदीकडे बोट दाखवलं. "ते निळं छप्पर दिसतंय? तिथं होड्या बांधतो मी."

शनिवारमागून शनिवार गेले. 'तुम्ही'चं 'तू' झालं. उभ्या जिन्यावरून ती उतरताना तो खाली थांबून हात पुढे करी, आणि शेवटची पायरी संपली तरी तो हात तिथंच राही...

नोव्हेंबरात, नदीवर धुकं असताना, त्यानं विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

"विचार करते," कानाए म्हणाली.

तो हसून नमस्कारासाठी वाकला. नको असलं की गावात कुणी 'नको' म्हणत नाही; 'विचार करतो' म्हणतं. ऐकणारा काय ते समजतो आणि पुन्हा विचारत नाही. कानाएनं मात्र खरोखरच विचार केला. एकोणीस दिवस. आईचा, नोकरीचा, निळ्या छपराचा. उत्तर 'हो' आलं. आता त्यानं विचारायचं, म्हणून ती वाट बघत बसली — शहाणी!

मार्चमध्ये तीच वर गेली. तो कठड्याशी उभा होता.

"कानाए-सान! तुम्ही?"

ते 'तुम्ही' तिला टोचलं. "फोन का नाही केलास?"

"तुम्ही नाही म्हणालात ना."

"मी विचार करते म्हणाले होते."

"तेच की."

"तेच नाही, तोमोहिसा. मी विचारच करत होते..."

तो कठड्यापासून तिच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "आणि? काय ठरलं होतं?"

"अहो, उतरताय ना?" जिन्यातून एका बाईचा आवाज आला. "माझे बूट तुमच्याकडेच राहिलेत!"

त्याचे कान लाल झाले. "मामीनं... जानेवारीत स्थळ आणलं. पुढच्या महिन्यात लग्न आहे."

"अभिनंदन," कानाए म्हणाली, आणि वाकली.

तोही वाकला. त्याच्या हातात दोन पिशव्या होत्या. वाकल्यावर त्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या. एकीतल्या बुटाच्या तळावर सत्तावीस. दुसरीतल्या तळावर बावीस.