अर्धी नजर

एका सकाळी उठलो, तर डाव्या डोळ्याच्या खालच्या अर्ध्यात काही नव्हतं. वर्तमानपत्राचा मथळा होता, बातमी नव्हती. मला वाटलं, चष्माच मळला असेल. असल्या गोष्टी मला उशिराच कळतात.

लेक डोळ्यांची डॉक्टर. पेशंटला ती खोटी आशा दाखवत नाही, असा तिचा लौकिक. चारचौघांत सांगायला मी लाजतो, पण मनातल्या मनात मिरवतो. मलाही तिने सवलत दिली नाही.

"बाबा, डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडलंय. रक्तवाहिनीला सूज असती तर लगेच स्टेरॉइड दिलं असतं. तुमच्या तपासण्यांत तसं काही नाही. आणि गेलेली नजर परत आणेल असं खात्रीचं औषध नाही."

"म्हणजे आता पुस्तकं अर्धीच वाचायची?"

"विनोद पुरे. रक्तदाब, साखर सांभाळायची. घोरताना श्वास अडतो का, तेही तपासून घ्यायचं. दुसरा डोळा जपायचा. कधीकधी थोडं आपोआप सुधारतं. चला, बघू."

अंधाऱ्या खोलीत तिने घाईघाईने माझा चष्मा काढला आणि उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली. हनुवटी टेकवून पांढऱ्या घुमटातल्या मधल्या ठिपक्याकडे पाहायचं. आजूबाजूला प्रकाश चमकला की बटण दाबायचं. नजर हलते का, ते यंत्रातला कॅमेरा टिपतो. बाजूच्या पडद्यावर ती माझा डोळा पाहत होती.

प्रकाश चमकू लागले. वर. मग खालीही. अगदी फिकेसुद्धा. मी एकही सोडला नाही.

"शाब्बास! पापणीसुद्धा लवत नाही तुमची."

माझा कधी कशात पहिला नंबर आला नव्हता. छाती फुगली.

निकालाचा कागद तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, "बाबा, सगळं दिसलंय तुम्हाला. खालचंही!"

दिवा लावून ती पट्टी काढायला आली. तिची बोटं थबकली.

पट्ट्या दोन होत्या. डाव्यावरची कातडीच्या रंगाची. दवाखान्यात निघण्याआधी वाचताना तो डोळा आड येऊ नये म्हणून मीच लावलेली, काढायची राहिलेली.

तिने दोन्ही काढल्या. मी उजवा डोळा मिटून पाहिलं. खालचं जग पुन्हा गेलेलं.

"मग मी इतका वेळ कुणाचा डोळा पाहत होते?"

तिच्या खांद्यावरून मला पडदा दिसला. यंत्रासमोर आता कुणी नव्हतं. पडद्यावर डोळा होता. तो तिच्याकडे पाहत होता.

"बाबा, चला इथून."

लेकीकडे मी आजवर काही मागितलं नव्हतं.

"पट्ट्या परत लाव," मी म्हणालो. "त्यांच्याआड खालचंही दिसत होतं."

डोळ्याने तिच्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे वळवली.