चौदाव्या महिन्यानंतरचा भार

यंत्रांच्या दुकानात "हे टिकेल का हो?" असं आता कोणी विचारत नाही. आयुर्लेखाचा कायदा आल्यापासून तो प्रश्नच उरलेला नाही. आयुर्लेख म्हणजे एखादं यंत्र तुमच्या घरात किती काळ चालेल, याचा लेखी अंदाज. 'तुमच्या घरात' हे महत्त्वाचं. एकच यंत्र एका घरी चार वर्षांत मोडतं आणि दुसऱ्या घरी दहा वर्षं चालतं, कारण ते झिजतं वापराने, आणि वापर घरागणिक वेगळा असतो.

वसुधा घोंगडे बार्शीच्या आयुर्लेख केंद्रात गेली ती बंद पडलेल्या वॉशिंग मशीनची स्मृतिपट्टी घेऊन. नऊ वर्षांत त्या मशीनने किती कपडे धुतले, पाणी किती जड होतं, धुतलेल्या पाण्यात घामातले कोणते क्षार उतरले, सगळं नखाएवढ्या त्या पट्टीत नोंदलेलं होतं. नवरा सिद्धराम मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्याचे ग्रीसने माखलेले शर्ट, आणि बारा वर्षांच्या मुलीचे, रेणूचे, कबड्डीच्या मैदानातून आलेले गणवेश. एवढा मारा सोसणारं मशीन बेताच्या पैशांत बसवायचं होतं.

झीजतज्ज्ञ डॉ. नसीमा बागवान यांनी पट्टी वाचक-यंत्रात सरकवली.

"हे सगळ्यात स्वस्त मशीन. बेअरिंग हलकं आहे. पण तुमच्याकडे नऊ वर्षं चालेल."

"नऊ? अहो मॅडम, माझ्या जावेकडे हेच मशीन साडेतीन वर्षांत खडखडायला लागलं. तिच्याकडेही आमच्याएवढंच धुणं. पट्टी कुणाची दुसऱ्याची नाही ना लागली?"

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"बेअरिंगचं गणित सरळ नसतं. वजन दुप्पट झालं तर आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्याएवढं उरतं. तसंच उलट. धुणं तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं की आयुष्य तिपटीहून जास्त वाढतं."

"पण आमचं धुणं कशाला कमी होईल?"

"ते आयुर्लेखाला माहीत नसतं. त्याला माणसं ठाऊक नाहीत, फक्त भार ठाऊक आहे. लाखो घरांच्या पट्ट्या त्याने वाचल्यात. ज्या घरांच्या नोंदी तुमच्यासारख्या होत्या, तिथे पुढे काय झालं तेवढं तो सांगतो." त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. "इथे, चौदाव्या महिन्यात, रेषा खाली येते. साधारण एका माणसाच्या कपड्यांइतकी."

वसुधा पडद्याकडे वाकली. "कुणी शिकायला बाहेरगावी गेलं, की अशी येते का?"

"ती मुलं दिवाळीला येतात, मे महिन्यात येतात. तेवढ्यापुरती रेषा वर उठते." डॉक्टरांचं बोट सपाट रेषेवरून पुढे सरकत गेलं. "ही दिवाळीतही उठत नाही."

"चूक होते का याची?"

"शंभरात चार घरांत."

दुपारी सिद्धराम जेवायला घरी आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. त्याचा भाकरीचा तुकडा हातातच राहिला. मग दोघांनीही, एकमेकांकडे न बघता, बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे शैलजाबाई, सिद्धरामची आई, सुपात शेंगा सोलत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, मागच्याच वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली.

"आईचं वय झालंय," सिद्धराम हळू आवाजात म्हणाला.

वसुधाने श्वास सोडला. तो सुटतानाचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला.

"मग स्वस्तातलंच घेऊ," तो म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने आईसाठी दोनदा पेढे आणले. वसुधाने सासूबाईंच्या उशीचा अभ्रा बदलला, पाय चेपून देऊ का म्हणून विचारलं.

"काय रे, एवढे लाड?" शैलजाबाई म्हणाल्या. "तुझ्या बापाने एकदा असेच लाड केले होते. नंतर कळलं, मला न विचारता शेत विकून आला होता. तू काय विकलंस?"

सिद्धराम हसला. त्याला ते नीट जमलं नाही.

मशीन आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वसुधा चहा घेऊन उभी असताना न्हाणीघराचं दार उघडलं. शैलजाबाई बाहेर आल्या, पिळलेली साडी खांद्यावर टाकून, आणि रोजच्यासारख्या दोरीकडे गेल्या. आंघोळ करतानाच आपले कपडे आपण धुवायचे आणि पिळूनच बाहेर यायचं, हे त्यांचं लहानपणापासूनचं वळण. वसुधाला ते माहीत होतं, सिद्धरामलाही. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळेच ते दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "तुमचं काहीच मशीनमध्ये जात नाही, नाही का?"

"आज कळलं होय तुला? नऊ वर्षांत एक झंपर नाही टाकला त्यात. मी मेले तरी तुझ्या मशीनला पत्ता लागायचा नाही." त्यांनी साडी झटकली, बारीक तुषार वसुधाच्या तोंडावर उडाले.

गॅरेजमध्ये जाऊन तिने सिद्धरामला सांगितलं. हातातला पाना त्याने खाली ठेवला.  आईला आपण आठवडाभर निरोप देत बसलो होतो, हे आधी दोघांच्या मनात आलं. त्यानंतर उरलेली तीन नावं.

डॉ. बागवान यांनी उपाय सांगितला. आठवडाभर तिघांचे कपडे वेगळे धुवायचे, प्रत्येक वेळी मशीनला क्रमांक द्यायचा. मग आयुर्लेख तीन रेषा वेगळ्या काढेल.

"आणि कळून करायचं काय?" सिद्धरामने विचारलं.

"दवाखाना गाठायचा. चौदा महिने म्हणजे कमी वेळ नाही. खाली आलेली रेषा पुन्हा वर गेलेली मी पाहिली आहे. पण नोंदी खऱ्या हव्यात."

वसुधाने कापडाच्या तीन पिशव्या शिवल्या. एक नंबर सिद्धरामची, दोन नंबर तिची स्वतःची, तीन नंबर रेणूची.

"मीच तीन नंबर का?" रेणू म्हणाली. "शाळेतपण शेवटची, घरीपण शेवटची."

पहिल्याच संध्याकाळी वसुधाने तिसऱ्या पिशवीतला गणवेश उचलून आपल्या पिशवीत टाकला. आयुर्लेख इच्छेवर चालत नाही, आकड्यांवर चालतो, हे तिला समजत होतं. पण आकडे तर तिच्या हातून जाणार होते. जी काही रेषा खाली यायची, ती निदान मुलीच्या नावावर नको.

दुसऱ्या दिवशी सिद्धरामच्या पिशवीत, ग्रीसच्या शर्टांखाली, तिला रेणूचे मोजे सापडले. खेळाची चड्डीही तिथेच होती. तिने विचारलं नाही. ती दोन्ही काढून तिने आपल्या पिशवीत ठेवली. सकाळी ती पुन्हा त्याच्या पिशवीत होती. तोही बोलला नाही. रेणू मैदानातून आली की दोघं दारातच तिच्या मळलेल्या कपड्यांसाठी हात पुढे करत.

"मला सुखाने कपडे तरी बदलू द्या," रेणू वैतागून म्हणायची.

आठवा दिवस उजाडला. वसुधा नवी पट्टी घेऊन केंद्रात गेली. डॉ. बागवान यांनी ती वाचकात सरकवली आणि चष्मा वर केला.

"एक आणि दोन व्यवस्थित आहेत. भार उलट वाढलाय." त्यांनी पडदा खाली सरकवला आणि त्या थांबल्या. "घोंगडेबाई, तीन नंबर कुणाचा?"

"मुलीचा."

"ती गावाला गेली होती का या आठवड्यात?"

"नाही. घरीच होती."

"इथे सात दिवस शून्य आहे. एक रुमालसुद्धा नाही." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "आता लेखाने ते धरलंय. त्याच्या हिशेबी तुमच्या घरात दोनच माणसं आहेत, आजपासूनच. मी हा नंबर ठेवू, की काढून टाकू?"