वलगावच्या झेंडूत

त्या सकाळी वलगावच्या झेंडूच्या शेतात मी एकटीच उभी होते. गळ्यात कॅमेरा, पावलांवर दव... आणि समोर कोणीच नाही. ज्या जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढायचे होते, त्यांचा मेसेज मी अमरावतीहून इथे पोचल्यावर आला. ‘मोनालीताई, घरीच मोबाइलवर बनवले. मागे बर्फाचा डोंगरसुद्धा आला!’ त्या महिन्यात असं गेलेलं हे तिसरं काम.

“फुलं तोडून राहिल्या का फोटो काढून राहिल्या?”

मी दचकून वळले. खांद्यावर टोपलं, भुवयांवर दवाचे थेंब आणि ओठांत दाबलेलं हसू. शेत त्याचंच होतं. नाव अनुप.

“दोन्ही नाही,” मी म्हणाले. “गिऱ्हाईक पळालं.”

“मंग आमच्या मायचा काढा ना जी. मोबाइलचा फोटो पाह्यला का म्हणते, हे मी नाईच.”

त्याची आई, पंचफुलाबाई, पलीकडच्या ओळीत फुलं तोडत होत्या. मोबाइल त्यांच्या सुरकुत्या पुसून टाकायचा. मी एकूणएक सुरकुती ठेवली, झेंडूने पिवळी झालेली बोटंही ठेवली. त्यांनी फोटोतल्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, “हे मी हाय.”

अनुपने तो फोटो स्टेटसला लावला, खाली माझा नंबर. चार वर्षं रील टाकून जे जमलं नव्हतं, ते आठवड्यात झालं. चांदूर बाजारहून, अकोटहून फोन येऊ लागले. “आमच्या बुढ्याचा बी काढा. जसा हाय तसा.” मी माझ्या पेजचं नावच बदललं : ‘जसे आहात तसे’.

खेड्यांचे रस्ते अनुपला ठाऊक, म्हणून तो गाडी चालवायला यायचा. हळूहळू उजेड पाडायची पांढरी चकती धरायलाही शिकला.

“अनुप, उजेड आजोबांवर हवा. माझ्यावर नको.”

“उजेडालेच तिकडं जावं वाटते, तर मी काय करू?”

आजोबा खुदकन हसायचे... आणि मला हवा तो फोटो मिळायचा.

दिवाळीनंतर अकोल्याच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली. ऑनलाइन दुकानासाठी साड्यांचे फोटो, महिन्याला ठरलेला पगार. ते सांगायला मी शेतात गेले. बहर सरला होता, अनुप झाडं उपटत होता.

“जा,” तो खाली बघतच म्हणाला. “चांगली नोकरी हाय. मी कावून अडवू?”

“अडवा म्हटलं का मी?”

“नाई...” त्याचा हात थांबला. “पण मले अडवावं वाटते.”

कोवळं ऊन त्याच्या मानेवर उतरलं होतं.

“मी नाही म्हणून कळवलंय त्यांना,” मी म्हणाले. “तुमच्यासाठी नाही हं! अकरा घरं माझी वाट पाहून राहिली आहेत.”

“मंग मले सांगाले कावून आल्या?”

“बारावं घर तुमचं आहे, म्हणून,” मी म्हणाले. “तिथं फोटो नाही काढायचे... राहायचंय.”

त्याने हातातलं झाड खाली टाकलं. मग एकदम बांधाकडे वळून त्याने हाक मारली, “माय!”

“काय रे?” झाडाखालून पंचफुलाबाईंनी विचारलं.

“चहा ठेव,” माझ्याकडे बघत तो म्हणाला. “तिघांचा... रोजचा.”